झोपमोड



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा आम्ही "झोप" असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, "संप ना?" कामगार संघटनेच्या माणसाला संपाखेरीज दुसरा विषय असू शकतो, हे लोकांना सहसा खरे वाटत नाही. आम्ही पुन्हा सांगितले, तेव्हा ते जरा चाचरत म्हणाले की, व्याख्यान संध्याकाळचे आहे, वारा गार सुटतो, मागच्या रांगेतले काही श्रोते वयस्क असतात. अशा वेळी हा विषय धोक्याचा ठरेल. आम्ही त्यांना अभय दिले. आज येथे कोणास डुलकी लागली तर आम्ही तो आमचा अपमान समजणार नाही. ज्याला रात्री झोप नाही त्याला येथे घटकाभर मिळाली, तर आमचे येण्याजाण्याचे भाडे वसूल झाले असे म्हणू.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत झाले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, पस्तीस वर्षे आम्ही फिरत्या पाळीत काम करणाऱ्या माणसांत वावरलो. त्यांचे अर्ज लिहिले, त्यांच्या चौकशा लढविल्या, आणि त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता ध्यानात आले की, निम्म्या तक्रारींच्या मुळाशी एकच तक्रार आहे: झोप पुरत नाही, आणि लागली तर टिकत नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा'. अंगमेहनत करणाऱ्याला दगडाची उशी पुरते, असा तिचा अर्थ. म्हण खोटी नाही. शेतावर दिवसभर राबलेला माणूस बांधावर आडवा होतो आणि घोरू लागतो, हे आम्ही पाहिले आहे. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे तो माणूस दिवसा राबला आणि रात्री निजला. ज्याला रात्री राबून दिवसा निजायचे आहे, त्याला धोंडा दिला काय आणि परांची गादी दिली काय, फरक फार थोडा. आणि ज्याची चाळिशी-पन्नाशी उलटली आहे, त्याला दिवसा राबूनही रात्री तीनला टक्क जाग येते. या दोन्ही माणसांविषयी आज बोलायचे आहे. पहिला आमचा सभासद आहे. दुसरे आम्ही स्वतः.

आमची कथा अशी की, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही जाग सुरू झाली. दहाला पाठ टेकावी, झोप लागावी आणि तीनच्या सुमारास डोळे उघडावेत. मग घड्याळ पाहावे. तीन वाजून दहा मिनिटे. आता साडेतीन तास उरले, अजून झोप लागली तर बरे, असा हिशेब करावा. हिशेब करणारा मेंदू झोपत नाही. त्यात रात्री तीन वाजता आठवणाऱ्या गोष्टींना एक वेगळेच वजन असते. दिवसा जी गोष्ट 'बघू उद्या' म्हणून बाजूला सारता येते, तीच रात्री छातीवर येऊन बसते. लेबर कोर्टातली तारीख, मुलीची फी, कोणाला टाकून बोललेला एखादा शब्द. चारला नळाचा आवाज, पाचला दूधवाला, आणि नेमकी साडेपाचला साखरझोप लागावी तो गजर. असे दीड वर्ष काढल्यावर आम्ही जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आमच्या भाषेत सांगतो.

झोपसुद्धा पाळ्यांत चालते. एक सबंध पाळी साधारण दीड तासाची. रात्रभरात अशा चार-पाच पाळ्या होतात. पहिल्या एक-दोन पाळ्यांत गाढ झोपेचा माल जास्त निघतो. शरीराची डागडुजी बरीचशी तेव्हाच होते. पहाटेच्या पाळ्यांत स्वप्नांची झोप जास्त. बंद पापण्यांखाली बुबुळे भरभर हलत असतात ती हीच अवस्था, आणि शिकागोच्या अभ्यासकांनी ती १९५३ साली प्रथम नीट मांडली. आता कारखान्यात पाळी बदलताना काय होते? फाटक उघडते, जुने बाहेर पडतात, नवे आत येतात, दोन मिनिटे गलका होतो. झोपेतही तसेच होते. एक पाळी संपून दुसरी सुरू होताना माणूस वर येतो, कूस बदलतो, क्षणभर जागाही होतो. धडधाकट माणूससुद्धा रात्रीतून अनेकदा असा जागा होतो. सकाळी त्याला आठवत नाही इतकेच. वय वाढते तशी गाढ झोप कमी होत जाते, आणि हे फाटक जास्त वेळा व जास्त वेळ उघडे राहते.

तेव्हा जाग येणे हा रोग नव्हे. हे समजल्यावर आमचे निम्मे ओझे उतरले. अमेरिकेतील इतिहासकार रॉजर एकर्क यांनी २००१ साली एक निबंध लिहिला. युरोपातील जुन्या रोजनिशा, कोर्टातील जबान्या, वैद्यकाची पुस्तके चाळून त्यांनी दाखविले की, वीज येण्यापूर्वीचे तेथले लोक 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे शब्द सहज वापरीत. मधल्या जागेपणी कोणी प्रार्थना करी, कोणी विस्तव सारखा करी, कोणी शेजाऱ्याशी बोले. सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील वीज नसलेल्या तीन समाजांची झोप अभ्यासकांनी मोजली. ती एकसलग निघाली, आणि सरासरीने ५.७ ते ७.१ तासच भरली. म्हणजे 'आठ तास एका दमात झोपलो नाही म्हणजे आपले काही बिघडले' ही धास्ती आपण उगाच घेतो. काही वेळा त्या धास्तीनेच झोप मोडते.

मग करावे काय? १९७२ साली बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट सांगितली. अंथरूण आणि जागरण यांची गाठ पडली की ती सोडवावी लागते. जो माणूस रोज दोन तास अंथरुणात तळमळतो, त्याचे शरीर शिकते की अंथरूण ही तळमळण्याची जागा आहे. म्हणून डोळे जड झाल्याशिवाय आडवे होऊ नये. झोप येत नाही असे वाटले, की उठून दुसरीकडे जाऊन बसावे. डोळे पुन्हा जड झाले की परत यावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी, आणि दिवसा झोप काढून रात्रीचे कर्ज फेडण्याचा प्रयत्न करू नये. पुढे १९८७ साली स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक उपाय मांडला, तो ऐकून आम्ही हसलोच होतो. झोप पाच-साडेपाच तासच लागत असेल, तर अंथरुणात आठ तास कशाला काढायचे? तेवढेच तास पडा, पण सलग झोपा. झोप घट्ट झाली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवा. बोनसच्या वाटाघाटीत हा माणूस आमच्या समोर बसला असता तर आम्ही त्याला उठवून लावले असते! पण आम्ही करून पाहिले. दहाऐवजी साडेबाराला पाठ टेकायची आणि सहाला उठायचे. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या आठवड्यात तीनची जाग दोन-चार मिनिटांची झाली. हल्ली ती येते आणि जाते. आम्ही घड्याळ भिंतीवरून काढून स्वयंपाकघरात लावले आहे.

मात्र येथे सावध करतो. जो माणूस ट्रक चालवितो, प्रेसवर हात घालतो, क्रेनवर बसतो किंवा ज्याला फिट येतात, त्याने हा झोप आवळण्याचा उपाय आपल्या मनाने करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. या सगळ्या उपायांची मिळून एक पद्धत झाली आहे, आणि जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली केली. आमच्याकडे उलटे चालते. शेजाऱ्याची गोळी आपण घेतो, आपली शेजारणीला देतो. दारूचेही तसेच. ती झोप लावते हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात व्याजासकट परत घेते. दारू उतरली की माणूस जागा होतो, आणि मग दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवितो.

हे नियम वाचताना आम्हांला एक अडचण मात्र पानोपानी जाणवली. पुस्तक म्हणते, झोप न आल्यास दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे. ज्यांच्या घरी दुसरी खोली आहे त्यांच्यासाठी ते पुस्तक लिहिलेले आहे. आमचा जन्म लालबागच्या चाळीतला. दहा बाय बाराची खोली, सात माणसे, आणि पाहुणा आला तर आठ. आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे गॅलरी. पण गॅलरीतही रात्री माणसे निजलेली असत. त्यातून कोणाच्या पायावर पाय न देता जिन्यापर्यंत जाणे ही एक कसरत होती, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर रात्री हमखास कोणीतरी बसलेले असे. आता उमगते की ती सगळी झोप मोडलेली माणसे होती.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांची रात्रपाळी असली म्हणजे आठवडाभर आमच्या घरात दिवसा रात्र असे. सकाळी आठला ते येत, चहा घेत आणि भिंतीकडे तोंड करून निजत. आई खिडकीवर गोधडी टांगी. तिच्यासाठी चौकटीत दोन खिळे कायमचे ठोकलेले होते. आम्हां मुलांना गॅलरीत खेळायला बंदी. चाळीत मोठ्याने भांडण लागले तर आई दारात जाऊन हात जोडी, आणि भांडणारी माणसेही आवाज उतरवीत, कारण प्रत्येकाच्या घरी पुढच्या-मागच्या आठवड्यात कोणीतरी असाच निजणार असे. गावाकडून एकटे आलेल्या गाळ्यांतल्या मंडळींचे तर याहून कठीण. पथाऱ्या थोड्या आणि माणसे फार. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन पडे. जागेला थंड व्हायला उसंत नसे.

आणि ज्या आईने ती गोधडी टांगली, तिची झोप? नळाला पाणी पहाटे चारला येई. त्याआधी हंडे रांगेत लावायचे. वडिलांची पहिली पाळी असली तर पाचला डबा. रात्री शेवटचे भांडे घासून ती पडे तेव्हा साडेअकरा झालेले असत. अंगावरच्या पोरासाठी मध्ये दोनदा उठणे वेगळे. वडिलांची झोप हा चाळीचा प्रश्न होता. आईची झोप हा कोणाचाच प्रश्न नव्हता, तिचासुद्धा नव्हता. समोर बसलेल्या भगिनींपैकी कितीजणींनी गेल्या महिन्यात एक रात्र सलग झोप घेतली, हे आम्ही विचारीत नाही; पण त्यांच्या घरच्यांनी आज परत जाताना विचारावे.

कामगार चळवळीचा इतिहास आपण वेतनाचा इतिहास म्हणून वाचतो. आम्हांला तो विश्रांतीचाही इतिहास वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सह्यांचे अर्ज करून जे मागितले, त्यात रविवारची सुट्टी होती, आणि ती १८९० साली मिळाली. पुढे १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे पसरले. तोवर निदान सूर्य हा कामगारांचा एक जबरदस्त पुढारी होता. तो मावळला की साचे थांबत. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ साली तो ११ वर आला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात ९ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा ठरला. प्रत्येक तास कोणीतरी लढून झोपेच्या खात्यात जमा केलेला आहे.

पण याच १९४८ च्या कायद्यात रात्रपाळीविषयी एक कलम होते, ते आम्ही चळवळीत आल्यावर पुष्कळ वर्षांनी लक्ष देऊन वाचले. पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल, तर साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग २४ तास. सरळ दिसणारे वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की, रविवारी सकाळी सातला रात्रपाळी सुटलेल्या माणसाची सुट्टी त्या क्षणी सुरू होते. तो घरी जातो, दिवसभर पडतो, संध्याकाळी डोके धरून उठतो, आणि सुट्टी संपत आलेली असते. जी सुट्टी कुटुंबाबरोबर घालवायची, ती तो झोपेच्या कर्जफेडीत घालवितो. मुलांना बाप दिसतो तो पाठमोरा.

दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची बरोबरी का करीत नाही, याचे उत्तर आता मिळाले आहे. मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते प्रकाशावर लागते. त्या घड्याळाची यंत्रणा फळमाशीत शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा कामगार सकाळच्या उन्हातून घरी येतो, तेव्हा डोळ्यांतून घड्याळाला निरोप जातो की दिवस उगवला, उठा. शरीर दमलेले आणि घड्याळ वाजत असलेले, अशा ओढाताणीत चार-पाच तासांची तुटक झोप मिळते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले. येथे घाबरवायचे नाही. रात्रपाळी केली म्हणजे तो रोग होतोच असा त्याचा अर्थ नव्हे. पण ज्याला आपण आजवर 'सवय होते हो' म्हणून उडवून लावीत होतो, ते तितके सोपे नाही.

रात्रपाळीच्या मित्रांना आम्ही चार गोष्टी सांगत असतो. पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी तासभर पडून घ्या. कॅन्टीनचा पहाटे चारचा चहा फुकट असला तरी सोडा, कारण त्यातले उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनीही निम्मे अंगात असते, आणि तुम्हांला आठ-साडेआठला निजायचे आहे. सकाळी नाक्यावर गप्पा न मारता घरी जा. खिडकीवर जाड काळे कापड लावा. आमच्या आईला हे पुस्तक न वाचता कळले होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो.

आम्ही ज्या ओतशाळेत होतो, तेथे आमचा एक सोबती क्रेनवर काम करीत असे. अंगाने भरलेला, मान आखूड, स्वभावाने अत्यंत गोड. संघटनेच्या अधिवेशनाला आम्ही टेम्पोतून जात असू, तेव्हा त्याच्या शेजारी निजायला कोणी तयार नसे. त्याचे घोरणे म्हणजे कंप्रेसर. मध्येच तो आवाज एकदम बंद पडे; दहा-वीस सेकंद काही नाही; आणि मग मोठा हिसका देऊन पुन्हा सुरू होई. बंद पडला की आम्ही सगळे ओरडत असू, "गेला, कंप्रेसर बंद पडला!" आणि हसत असू. १९९९ साली एका पहाटे साडेचारला तो क्रेनच्या केबिनमध्ये झोपलेला सापडला. खाली वितळलेल्या लोखंडाची बादली लटकत होती. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्याला चार्जशीट मिळाले. चौकशीत त्याचा बचाव आम्ही केला.

आमचा बचाव असा की, तो झोपलाच नव्हता. डोळ्यांत कण गेला म्हणून त्याने डोळे मिटले होते. दोन साक्षीदार उभे केले. ते उलटतपासणीत फुटले. आम्ही खोटे बोललो, आणि त्या खोट्याच्या जोरावर हरलो. त्याची नोकरी गेली. पुढे तडजोडीत काही रक्कम मिळाली, ती कर्जात संपली. त्याने काम धरले ते एका गोदामावर रात्रीच्या रखवालदाराचे.

सहा-सात वर्षांनी त्याचा रक्तदाब तीन गोळ्यांनीही उतरेना, तेव्हा सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला सोडून त्याच्या बायकोला विचारले, "हे झोपेत घोरतात का? मध्येच श्वास थांबतो का?" ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून थांबतो." झोपेत त्याचा घसा मिटत होता, श्वास अडत होता, मेंदू त्याला क्षणभर जागा करीत होता, असे तासातून कितीतरी वेळा. त्याला स्वतःला त्यातले काही ठाऊक नव्हते. आठ तास अंथरुणात काढूनही तो कधी झोपलेलाच नव्हता. नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे यंत्र आले, आणि पहिल्या आठवड्यानंतर तो आम्हांला भेटायला आला. म्हणाला, "भाऊ, तेव्हा कुणी हे विचारलं असतं, तर नोकरी वाचली असती का हो?" आम्ही त्याला खरे उत्तर दिले. वाचली असती असे नाही. पण खरे बोलून लढता आले असते, आणि क्रेनवरून खाली दुसरे काम मागता आले असते.

ज्याच्या घोरण्यात असा खंड पडतो आणि जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याच्यावर हसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि शेजारी निजणाऱ्या माणसाला बरोबर न्या, कारण साक्षीदार तोच आहे. रात्री लघवीसाठी चार-चार वेळा उठावे लागत असेल तर साखर तपासा, पुरुषांनी प्रोस्टेट दाखवा. आणि रक्तदाबाची गोळी लघवी वाढविणारी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारा. पडले की पायांत वळवळ सुटून स्वस्थता लाभत नसेल, तर अंगात लोह कमी आहे का पाहावे. बायकांत हे पुष्कळदा आढळते. आणि रोज पहाटे जाग येऊन जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो झोपेचा प्रश्न राहिलेला नसतो. त्या माणसाने त्याच दिवशी कोणाशी तरी बोलले पाहिजे.

या सोबत्याच्या प्रकरणानंतर आम्ही पाळीच्या चक्राकडे पाहू लागलो. आमच्याकडे चक्र असे होते: एक आठवडा पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात तिसरी, मग दुसरी. म्हणजे दर बदलाला कामाची वेळ मागे सरकते आणि माणसाला आधी निजून आधी उठावे लागते. शरीराचे घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित लांब आहे. त्याला उशिरा निजणे जमते, लवकर निजणे जमत नाही. १९८२ साली, म्हणजे मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता आणि आमच्या घरी चूल कशी पेटेल याची चिंता होती त्या वर्षी, अमेरिकेतील युटा राज्यात खनिज क्षारांच्या एका कारखान्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे चक्र उलटे फिरविले: पहिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पाळ्याही संथपणे बदलल्या. कामगारांच्या तक्रारी कमी झाल्या आणि उत्पादनही वाढले. हे कात्रण वाचनालयात हाती लागले तेव्हा आम्हांला वाटले, आता काम झाले. यात मालकाचा एक पैसा जात नाही!

सभासदांपुढे मांडले, तेव्हा मागे बसलेल्या एका भट्टीवाल्याने बोटे मोडीत हिशेब सांगितला. तुमच्या चक्रात तिसऱ्या पाळीनंतर पहिली येते. रविवारी सकाळी सातला सुटायचे आणि सोमवारी सकाळी सातला पुन्हा हजर. मध्ये २४ तास. जुन्या चक्रात निदान सोमवारी दुपारी तीनपर्यंत सवड मिळते. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पुस्तकातल्या शोधाला आमच्या सुट्टीच्या कलमाने पाचर मारली होती. म्हणून मागणी सुधारली: चक्र सरळ फिरवा, आणि रात्रपाळीच्या आठवड्यानंतर सोमवारची जादा सुट्टी द्या. व्यवस्थापन म्हणाले, सुट्टी घ्या, पण मग रात्रपाळी भत्त्यातील वाढ मागू नका.

ठराव मताला टाकला. पडला. माणसांनी पैसे निवडले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण त्याआधीच्या दोन करारांत आम्हीच झोपेचे पैसे वाढवून घेतले होते आणि हार गळ्यात घालून घेतले होते. पुढच्या करारापूर्वी एकाने सुचविले की, सभा रविवारी घ्या आणि घरच्यांना बोलवा. आल्या. त्या दिवशी बोलल्या मुख्यतः बायकाच. एकीने सांगितले की, तिचा धाकटा मुलगा बापाला 'झोपलेले बाबा' म्हणतो. मत पुन्हा घेतले, तेव्हा ठराव एकवीस मतांनी मंजूर झाला. चक्र आता सरळ फिरते आणि सोमवार सुट्टीचा आहे. भत्ता त्या तीन वर्षांत वाढला नाही, आणि त्याबद्दल शिव्या देणारे आजही भेटतात. फाटकावर गाठून देतात, आणि आम्ही ऐकून घेतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले. प्रश्न लिहून आणलेल्यांनी चिठ्ठ्या चिटणिसांकडे द्याव्यात, आम्ही साडेनऊपर्यंत येथे आहोत. मात्र ज्यांची उद्या पहिली पाळी आहे, त्यांनी आताच उठावे. त्यांची बस पावणेसहाची आहे, हे आम्हांला ठाऊक आहे.